ऐतिहासिक प्रणयनाट्य आणि दांपत्यातील विश्वास : रानडे व जोशी दांपत्यांच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाशी आजच्या विद्यार्थ्यांची पहिली ओळख बहुधा ग्रंथांतून होत नाही. ती दूरचित्रवाणी मालिका, चित्रपट आणि चरित्रात्मक कादंबऱ्या यांतून होते. झी मराठी वाहिनीवर २०१२ मध्ये सुरू झालेली 'उंच माझा झोका' ही मालिका न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व रमाबाई रानडे यांच्या सहजीवनावर आधारलेली होती. डॉ. आनंदीबाई जोशी व गोपाळराव जोशी यांच्या जीवनावर श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१९ मध्ये त्याच नावाचा मराठी चित्रपट पडद्यावर आला. या कलाकृतींना सोयीसाठी 'ऐतिहासिक प्रणयनाट्य' असे म्हणता येईल. त्यांत सुधारणेचा इतिहास येतो. परंतु प्रेक्षकाला धरून ठेवणारे सूत्र पती-पत्नीच्या परस्परप्रेमाचे असते.

या नाट्यांतील दांपत्ये एकमेकांशी मन मोकळे करून बोलतात. गैरसमज होतो, अबोला येतो, मग एखाद्या उत्कट प्रसंगी दोघेही मनातले सांगतात आणि विश्वास दृढ होतो. वर्गात या काळाचा विषय निघाला की विद्यार्थी याच प्रसंगांचा दाखला देतात. प्रस्तुत निबंधात विचारावयाचा प्रश्न असा की, ज्या स्त्रियांच्या जीवनावर ही नाट्ये उभी आहेत, त्यांच्या स्वतःच्या लेखनात भावनिक प्रामाणिकपणा कोठे आणि केव्हा आढळतो?

अभ्यासाची दिशा

या विवेचनासाठी मुख्यतः दोन साधनांचा आधार घेतला आहे. पहिले, रमाबाई रानडे यांचे १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे आत्मकथन. दुसरे, आनंदीबाईंनी अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेली पत्रे. काशीबाई कानिटकर यांनी १९१२ मध्ये लिहिलेल्या आनंदीबाईंच्या चरित्रामुळे या पत्रव्यवहाराचा परिचय मराठी वाचकांना झाला. या साधनांच्या आधारे निबंधाचे प्रतिपादन असे की, त्या काळातील पत्नीचा प्रामाणिक शब्द बहुधा उशिरा आणि लेखी स्वरूपात प्रकट झाला. तो प्रकट होण्यासाठी पती-पत्नीमध्ये समुद्राचे किंवा मृत्यूचे अंतर पडावे लागले. प्रणयनाट्य हा शब्द समोरासमोरच्या संवादात आणून ठेवते. त्यामुळे नाट्य रंगते, मात्र त्या शब्दासाठी मोजावी लागलेली किंमत नजरेआड होते.

विवाहाचा प्रारंभ : कोणाचा विश्वास, कोणाची संमती?

रानडे यांच्या प्रथम पत्नीचे निधन १८७३ मध्ये झाले. त्या वेळी ते एकतीस वर्षांचे होते आणि पुण्यात न्यायखात्यात अधिकारपदावर होते. विधवाविवाहाच्या चळवळीशी त्यांचे नाव जोडलेले असल्याने ते विधवेशी विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती आणि नेमकी हीच भीती त्यांच्या वडिलांना वाटत होती. वडिलांनी तातडीने देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यातील मुलगी पसंत केली आणि डिसेंबर १८७३ मध्ये विवाह झाला. वधूचे वय अकराच्या आतच होते. माहेरची यमुना सासरी रमा झाली.

रमाबाईंच्या आठवणींनुसार रानडे यांनी हा विवाह टळावा म्हणून वधुपित्याला स्वतःविषयीच्या प्रतिकूल गोष्टी सांगितल्या. आपण सुधारक आहोत, दृष्टी व श्रवणशक्ती कमजोर आहे, विलायतेस जाण्याचा विचार आहे, असे त्यांचे सांगणे होते. हा एक प्रकारचा प्रामाणिकपणाच होय. परंतु हे सारे कोणाला सांगितले गेले, याकडे लक्ष दिले पाहिजे. ते सांगितले गेले वधूच्या पित्याला. ज्या मुलीचे आयुष्य या निर्णयाने बदलणार होते, ती या संवादात कोठेच नव्हती. त्या काळच्या विवाहव्यवस्थेत विश्वास हा दोन घराण्यांमधील व्यवहार होता. दोन व्यक्तींमधील नाते म्हणून त्याची सुरुवात विवाहानंतर, तीही झाली तर, होत असे.

या नात्याची सुरुवात कशी झाली, याचे वर्णनही आठवणींत आहे. विवाहानंतरच्या पहिल्याच भेटीत रानडे यांनी त्या लहान मुलीला आपले नाव ठाऊक आहे काय, असे विचारले आणि तिने ते सांगितले. पतीचे नाव न घेण्याचा संकेत असलेल्या समाजात हा प्रश्न साधा नव्हता. त्यानंतर तिला लिहिता-वाचता येते का, याची चौकशी झाली आणि पाटी-पेन्सिलीने अक्षरओळख सुरू झाली. पुढे पती हाच शिक्षक झाला. मालिकेने या भागाला बराच अवकाश दिला. बालवयातील रमेची भूमिका तेजश्री वालावलकर या बालअभिनेत्रीने आणि मोठ्या रमाबाईंची भूमिका स्पृहा जोशी यांनी केली. वधू खरोखर मूल होते, हे प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर राहिले, ही मालिकेची जमेची बाजू मानावी लागेल. तथापि मूल असलेल्या पत्नीचा पतीवरील विश्वास हा निवडीतून आलेला नसतो, तो परिस्थितीने दिलेला असतो. रमाबाईंच्या बाबतीत पुढे तो निवडीचा झाला किंवा नाही, हे पाहण्यासाठी आठवणींच्या नंतरच्या प्रकरणांकडे वळावे लागते.

घराची रचना आणि बोलण्याची जागा

एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर पती-पत्नीने बोलणे शिष्टसंमत नव्हते. दिवसा पती बाहेरच्या खोलीत, पत्नी स्वयंपाकघरात. संवादासाठी उरत असे ती रात्रीची वेळ. रानडे यांच्या घरातही रमाबाईंचे शिक्षण रात्री चालत असे आणि घरातील स्त्रियांना ते अजिबात मान्य नव्हते. सासरच्या स्त्रियांनी केलेला उपहास, टोमणे आणि अबोला यांचे वर्णन रमाबाईंनी तपशिलाने केले आहे. पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी झालेल्या प्रयत्नांच्या काळात त्यांनी जाहीर सभेत इंग्रजीतून निवेदन वाचले, तेव्हा घरात वादळ उठले. अशा प्रसंगी रानडे यांचा सल्ला सहसा एकच असे : उलट उत्तर देऊ नये, सोसावे. सोसण्यात अधिक धैर्य लागते, अशी त्यांची धारणा होती.

हा सल्ला आजच्या वाचकाला खटकणे स्वाभाविक आहे. ज्या सुधारणेचा पुरस्कार पती सभेत करीत होता, तिचा मोबदला पत्नी स्वयंपाकघरात देत होती. रमाबाईंनी पतीवर याबद्दल दोषारोप केलेला नाही. परंतु त्यांनी हे प्रसंग वगळलेले नाहीत, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कोणत्या दिवशी कोण काय बोलले, आपण कशा रडलो, पतीला सांगावे की नाही असा संभ्रम कसा पडला, हे त्या नोंदवितात. सांगितले तर घरात भेद पाडल्याचा आळ येणार आणि न सांगितले तर पतीपासून काही लपविल्याचा सल राहणार, अशी ही कोंडी होती. प्रणयनाट्यात हा पेच एका संवादाने सुटतो. वास्तवात तो वर्षानुवर्षे तसाच राहिला.

रानडे यांची १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली, तेव्हा या दांपत्याला प्रथमच स्वतंत्र संसार लाभला. आठवणींतील नाशिकच्या भागाचा सूर पुण्याच्या भागाहून वेगळा आहे. त्यात मोकळेपणा जाणवतो. पती-पत्नीतील विश्वास हा केवळ स्वभावाचा किंवा प्रेमाचा प्रश्न नसून त्याला जागा, एकांत आणि वेळ लागतो, हे यावरून दिसून येते. ब्रिटिश नोकरशाहीतील बदलीच्या व्यवस्थेने अनेक शिक्षित कुटुंबांना एकत्र कुटुंबाच्या चौकटीबाहेर काढले. मराठी मध्यमवर्गातील सहचर विवाहाच्या कल्पनेचा इतिहास लिहिताना सुधारकांच्या भाषणांइतकेच या बदल्यांना महत्त्व दिले पाहिजे, असे येथे सुचवावेसे वाटते.

मतभेदाची नोंद : पंचहौद प्रकरण

विश्वासाची खरी कसोटी मतभेदाच्या वेळी लागते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या कार्यक्रमास शहरातील अनेक प्रतिष्ठित गृहस्थ उपस्थित होते. तेथे चहा-बिस्किटे देण्यात आली. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध करण्यामागे गोपाळराव जोशी होते. प्रस्तुत निबंधातील दोन दांपत्यांचे इतिहास येथे एकमेकांस छेदतात. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ मध्ये रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. स्वतःस त्याची गरज वाटत नसताही, बहिष्काराने कुटुंबात अडचणीत आलेल्या मित्रांसाठी त्यांनी ते घेतले, असे त्यांच्या वर्तनाचे समर्थन केले जाते. सुधारकांनी मात्र त्यांच्यावर कठोर टीका केली.

पतीच्या कीर्तीला बाधा आणणारा हा प्रसंग रमाबाईंना टाळता आला असता. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा रानडे यांच्या निधनाला नऊ वर्षे लोटली होती, त्यांची प्रतिमा राष्ट्रीय पातळीवर पूजनीय झाली होती आणि पुस्तकाला प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखले यांची होती. तरीही त्यांनी या प्रकरणाला आठवणींत स्थान दिले. वडिलांच्या इच्छेपुढे रानडे यांनी घेतलेली माघार, स्वतःच्या विवाहामागील विसंगती, घरात घडलेले क्लेश या सर्वांचीही नोंद त्यांनी केली. पतीविषयीचा आदर यत्किंचितही कमी न करता त्याच्या मर्यादा लिहून ठेवणे, हे या आत्मकथनाचे वैशिष्ट्य होय. रमाबाईंचा विश्वास निवडीचा झाला होता, याचा सर्वांत बळकट पुरावा येथे मिळतो. ज्याच्याविषयी खरे लिहिण्याची भीती वाटत नाही, त्याच्यावरचा विश्वास आंधळा म्हणता येत नाही.

एका भाषिक तपशिलाचाही येथे उल्लेख करावयास हवा. आठवणींत रमाबाई पतीचा उल्लेख 'स्वतः' या शब्दाने करतात. १९३८ मध्ये झालेल्या या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाचे शीर्षकही त्याच शब्दावरून ठरले. नाव घ्यावयाचे नाही आणि तरी संपूर्ण पुस्तक त्याच व्यक्तीविषयी लिहावयाचे, या अडचणीतून मर्यादाही पाळली गेली आणि जवळीकही व्यक्त झाली. बालवधूला नाव विचारणारा पती आणि उत्तरायुष्यात नाव न घेता त्याचे चरित्र लिहिणारी पत्नी, या दोन टोकांमध्ये या दांपत्याचा इतिहास सामावला आहे.

समुद्रापलीकडचा शब्द : आनंदीबाईंची पत्रे

आनंदीबाईंचा विवाह १८७४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी झाला. गोपाळराव त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीला शिकविण्याचा त्यांचा ध्यास विलक्षण होता आणि त्याची पद्धतही तितकीच कठोर होती. वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मूल झाले आणि ते दहा दिवसांतच दगावले. वैद्यकीय शिक्षणाच्या त्यांच्या निर्धारामागे या दुःखाचा वाटा होता. १८८३ मध्ये त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी मिळविली. भारतात परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले.

पत्नीला एकटीने परदेशी पाठविणे हा १८८३ मध्ये विश्वासाचा असामान्य आविष्कार होता, यात शंका नाही. परंतु त्याच गोपाळरावांची पत्रे अनेकदा कडवट असत. त्यांना उत्तर देताना आनंदीबाईंनी एका पत्रात आपल्या बालपणीच्या वागणुकीचा हिशेब मांडला आहे. लहान वयात बसलेला मार, अंगावर फेकलेल्या वस्तू, सोडून जाण्याच्या धमक्या यांचा त्या वयानुसार उल्लेख करतात. ध्येयाच्या दृष्टीने पाहिले तर पतीचे वागणे योग्य म्हणता येईल, पण बालमनावरील परिणामाच्या दृष्टीने ते अयोग्य होते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हिंदू पत्नीला पतीसमोर बोलण्याचा अधिकार नसल्यामुळे तेव्हा आपण गप्प राहिलो, हेही त्या सांगतात.

हे पत्र दांपत्यातील भावनिक प्रामाणिकपणाचा मराठी इतिहासातील एक असामान्य दस्तऐवज मानावा लागेल. त्यात कृतज्ञता आहे आणि आरोपही आहे. एकाने दुसऱ्याला पुसून टाकलेले नाही. मात्र हे शब्द कल्याणच्या किंवा कोलकात्याच्या घरात उच्चारले गेले नाहीत. ते हजारो मैलांवरून, टपालाने आले. ज्या लेखनविद्येसाठी मार खाल्ला, तिच्याच साहाय्याने त्या माराची नोंद झाली. गोपाळरावांच्या प्रकल्पाचे यश आणि त्यावरील टीका एकाच पत्रात दिसतात.

'आनंदी गोपाळ' या चित्रपटाने गोपाळरावांचा हट्टी व उग्र स्वभाव पूर्णपणे झाकलेला नाही. तथापि प्रणयनाट्याच्या गतीने त्या उग्रतेचे रूपांतर ध्येयनिष्ठेत होते आणि अखेरीस प्रेक्षकाच्या मनात उरते ते एका अद्भुत जोडप्याचे चित्र. पत्रातील 'हे योग्य आणि हे अयोग्य' असा वेगवेगळा मांडलेला हिशेब नाट्यात एका बेरजेत मिसळून जातो.

कायद्याची मर्यादा

याच काळात रखमाबाईंच्या खटल्याने हा प्रश्न न्यायालयात नेला. बालवयात लग्न झालेल्या रखमाबाईंनी पती दादाजी भिकाजी यांच्याकडे नांदावयास जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये दाखल झालेल्या दाव्याचा निकाल १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने दिला. मात्र १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कारावासाची तयारी दाखविली. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. कायदा पत्नीला पतीच्या घरी पाठवू शकत होता, पण पतीवर विश्वास ठेवण्याचा आदेश देऊ शकत नव्हता. रानडे व जोशी दांपत्यांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या विवाहांत विश्वास निर्माण झाला, त्यांची आरंभीची चौकटही रखमाबाईंच्या विवाहासारखीच होती. विश्वास हे त्या चौकटीचे फळ नव्हते. तो त्या चौकटीत राहूनही, कष्टाने, घडवला गेला.

नाट्याचे स्थान

मग ऐतिहासिक प्रणयनाट्य निरुपयोगी मानावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. रमाबाईंचे नाव ज्या घरांत पोहोचले नव्हते, तेथे ते मालिकेने पोहोचविले. शिवाय मूळ साधनांतही प्रेम नाही असे नाही. रमाबाईंची आठवणींची पाने पतीविषयीच्या ओढीने भरलेली आहेत. त्या प्रेमाकडे केवळ पुरुषसत्तेचा प्रभाव म्हणून पाहणारे वाचनही एकांगीच ठरते, कारण ते रमाबाईंच्या स्वतःच्या साक्षीवर अविश्वास दाखविते.

अडचण निराळी आहे. नाट्याला संघर्षाचा शेवट दृश्यातच करावा लागतो. मन मोकळे झाले की प्रसंग पूर्ण होतो. त्यामुळे प्रामाणिकपणा हा धैर्याचा एक क्षण आहे, असा समज प्रेक्षकात रुजतो. साधनांवरून दिसते ते असे की, प्रामाणिकपणासाठी पत्नीला आधी अक्षर यावे लागले, मग एकांत मिळावा लागला, मग अंतर पडावे लागले. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरणही येथे जुळते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याचा आघात आणि त्यानंतरचा वियोग लक्ष्मीबाईंनी निर्मळ विनोदासह लिहून ठेवला. पण 'स्मृतिचित्रे' वाचकांपुढे येऊ लागली ती १९३४ पासून, पतीच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. एकोणिसाव्या शतकातील सुधारक दांपत्यांमध्ये विश्वास आरंभी गृहीत धरलेला होता. पत्नीला मतभेद नोंदविता येऊ लागला, तेव्हा तो खऱ्या अर्थाने परस्परांचा झाला.

२. पत्नीचा भावनिक प्रामाणिकपणा प्रामुख्याने पत्र व आत्मकथन या लेखी रूपांत, अंतर किंवा वियोग घडल्यानंतर व्यक्त झाला.

३. एकांत, स्वतंत्र घर व साक्षरता या भौतिक बाबींचा विश्वासाच्या इतिहासात निर्णायक वाटा आहे.

४. ऐतिहासिक प्रणयनाट्य हा उशिरा आलेला लेखी शब्द तात्कालिक संवादात रूपांतरित करते. त्यामुळे कृतज्ञता आणि तक्रार यांची साधनांत जपलेली स्वतंत्र नोंद पुसट होते.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच की मालिका किंवा चित्रपट वर्गाबाहेर ठेवण्याची गरज नाही. मात्र त्यांच्यासोबत आठवणींतील एक प्रकरण आणि आनंदीबाईंचे ते एक पत्र विद्यार्थ्यांच्या हाती दिले पाहिजे. पडद्यावरील रमा आणि आनंदी पतीजवळ जे सहज बोलून जातात, ते लिहिण्यासाठी खऱ्या रमाबाईंना पतीच्या मृत्यूनंतर नऊ वर्षे लागली आणि आनंदीबाईंना समुद्र ओलांडावा लागला. हे अंतर विद्यार्थ्यांनी स्वतः मोजले, तर त्या स्त्रियांच्या शब्दाचे मोल त्यांना अधिक नेमकेपणाने कळेल.